नाव सापडले, निबंध कोठे आहे?

ग्रंथालयात जाऊन ग्रंथ मागणे ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडली आहे. ग्रंथाला पाठ असते, पाठीवर नाव असते, कपाटात त्याची ठरलेली जागा असते; जागेवर नसला तर ‘बाहेर गेला आहे’ असे उत्तर मिळते आणि आपण पुढच्या आठवड्यात पुन्हा चक्कर मारतो. नियतकालिकातल्या निबंधाचे तसे नाही. त्याला स्वतःची पाठ नाही. तो दुसऱ्या दहा-वीस निबंधांच्या सोबतीने एका अंकात असतो, तो अंक एका खंडात बांधलेला असतो आणि तो खंड कोणत्या गावच्या कोणत्या ग्रंथालयात आहे हे आधी कळावे लागते. हल्ली बहुतेक ठिकाणी खंडही उरलेला नाही. संगणकावर दोन शब्द टाकले की निबंधाचे नाव डोळ्यांपुढे येते. निबंध मात्र येत नाही. नाव आणि निबंध यांच्यामधले हे अंतर कसे पडले, ते कोणी आणि कितपत बुजवले, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आम्ही विद्यापीठात शिकलेलो नाही. युनियनचे काम करताना जे वाचावे लागले ते वाचत गेलो. या विषयाकडेही आम्ही हौसेने वळलो नाही. एका कामगाराच्या अर्जामुळे वळलो. २०११ साली एका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यातला माणूस आमच्याकडे आला. बावीस वर्षे त्याने कापसाच्या धुळीत काढली होती. छाती कोंडते, जिना चढवत नाही, अशी त्याची तक्रार. कापसाच्या धुळीने जडणारा बिसिनोसिस हा रोग १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. अडचण एका प्रश्नाची होती. तपासणीच्या कागदावर विचारले होते : सोमवारी छाती कोंडते काय? त्याने सांगितले, नाही. कागदावर ‘नाही’ अशी खूण झाली आणि अर्ज निकालात निघाला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘भाऊ, सोमवारी काही होत नाही हो. मला शुक्रवारी होतं.’ आम्ही या बोलण्याकडे त्या वेळी लक्ष दिले नाही. ही चूक आमची.

या रोगाविषयी मूळ अभ्यासकांनी काय लिहिले आहे ते पाहावे म्हणून आम्ही एका सायबर कॅफेत जाऊन बसलो. आर. एस. एफ. शिलिंग या इंग्रज डॉक्टरांचे नाव पुनःपुन्हा येऊ लागले. लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात १९५६ साली त्यांचा निबंध आला होता. नाव मिळाले, वर्ष मिळाले, पृष्ठ मिळाले आणि खाली किंमत मिळाली : सुमारे तीस डॉलर, आणि तेही क्रेडिट कार्डाने. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या काही पानांची ही किंमत. मग एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. दारावर ओळखपत्र मागितले. आमच्यापाशी युनियनचे ओळखपत्र होते. ते चालले नाही.

दारावर अडवणूक झाली की दाराचा इतिहास शोधावा, अशी आमची जुनी खोड आहे.

१६६५ सालच्या ५ जानेवारीला पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे साव्हां’ हे पत्र निघाले आणि दोन महिन्यांनी, ६ मार्चला, लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. दुसऱ्याचा कर्ता हेन्री ओल्डेनबर्ग हा रॉयल सोसायटीचा चिटणीस. तोपर्यंत विद्वान मंडळी एकमेकांना पत्रे लिहीत. ओल्डेनबर्गकडे युरोपभरची पत्रे येत, तो ती वाचून दाखवी, नकला करून पुढे पाठवी. चिटणीसाचे काम काय असते ते आम्हांस ठाऊक आहे. एकेकाला वेगळे उत्तर लिहून हात दुखू लागला की माणूस पत्रक छापतो. विद्वत्तापूर्ण नियतकालिकाचा जन्म असा टपालाच्या पोटातून झाला. त्या काळी निबंध शोधण्याचा प्रश्नच नव्हता. अंक हाती आला की त्यात जे होते ते सारे वाचावयाचे.

पुढे पत्रे वाढली आणि मागील अंकांचे ढीग झाले. अमेरिकेत येल येथे विल्यम फ्रेडरिक पूल नावाचा विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांच्या एका संस्थेचे ग्रंथालय तो सांभाळीत असे. मुले वादविवादासाठी आणि निबंधासाठी साहित्य शोधीत येत, आणि ज्या खंडांत ते होते ते खंड कपाटात तसेच पडून राहत. कारण आत काय आहे हे कोणासच माहीत नसे. पूलने बसून विषयवार सूची केली. १८४८ साली ती छापली गेली, १५४ पृष्ठांची. यातली एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. पूलची सूची आणि तिने दाखवलेले खंड एकाच खोलीत होते. नाव सापडले की चार पावले चालून हात वर करावयाचा, की निबंध हातात. नाव आणि निबंध यांत अंतर होते ते चार पावलांचे.

ही सोय टिकली नाही, आणि तिला बाधा आली ती सूचीच्या यशामुळेच. १८७९ साली जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वैद्यकातील ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले. १९०७ साली ‘केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’ निघाले. त्यात नावासोबत निबंधाचा सारांशही येऊ लागला. जगभरच्या नियतकालिकांची नोंद एका ठिकाणी होऊ लागली, परंतु जगभरची नियतकालिके विकत घेणारे ग्रंथालय कोठेच नव्हते. सूची खोलीबाहेर गेली. वाचकाला आपल्यापाशी काय नाही याची यादी मिळू लागली, आणि ती दरसाल लांबत गेली.

आपल्याकडे हे दुःख अधिक तीव्र होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ सालची. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत आणि वरचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या मातेचे नाव दिले. मनोरा उंच झाला, पण विलायतेचे अंक बोटीने येत आणि पैसे संपले की यावयाचे थांबत. जुन्या ग्रंथालयांत हिंडताना बांधीव खंडांच्या रांगेत मध्येच दोन-तीन वर्षांचे खंड नाहीत असे दिसते. तेथे एखादे महायुद्ध असते, नाहीतर एखाद्या अंदाजपत्रकातली काटछाट.

स्वातंत्र्यानंतर यावर विचारपूर्वक उपाय झाला तो १९५२ साली. युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत ‘इन्सडॉक’ ही राष्ट्रीय शास्त्रीय प्रलेखन संस्था निघाली. वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे १९३१ सालीच सांगून ठेवलेल्या एस. आर. रंगनाथन यांचा तिच्या उभारणीत हात होता. कामाची रीत अशी : तुम्ही निबंधाचे नाव, नियतकालिक, खंड, पृष्ठ लिहून पाठवावयाचे. तो अंक देशातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे हे इन्सडॉकने शोधावयाचे. असल्यास त्या पानांची छायाप्रत काढून, नसल्यास परदेशातून मागवून, टपालाने तुमच्याकडे रवाना करावयाची. रशियन किंवा जर्मन निबंधाचे भाषांतरही करून मिळे. पुढे या संस्थेने देशातल्या शास्त्रीय नियतकालिकांची संयुक्त सूची तयार केली. कोणत्या ग्रंथालयात कोणत्या नियतकालिकाचे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे अंक आहेत, एवढेच त्यात असे. रूक्ष ग्रंथ, पण आमच्या मते असल्या ग्रंथाची गणना रस्ते आणि पूल यांच्यात करावी.

विलायतेतही याच सुमारास असेच काम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. १९६२ साली यॉर्कशायरमधील बोस्टन स्पा या खेड्याजवळ, युद्धकाळातल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आवारात, डोनाल्ड अर्कहार्ट यांनी केवळ उसने देण्यासाठीच ग्रंथालय उघडले. तेथे वाचकांनी येऊन बसावे ही मुख्य अपेक्षा नव्हती. मागणीपत्र यावे आणि प्रत जावी. पुढे १९७३ साली ते ब्रिटिश लायब्ररीत सामील झाले. ज्या कारखान्यातून तोफगोळे बाहेर पडत तेथून निबंधांच्या प्रती देशोदेशी जाऊ लागल्या.

याशिवाय एक गरिबाचा मार्ग होता, तो कार्डाचा. यूजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियाहून ‘करंट कंटेंट्स’ नावाचे पत्रक काढले होते. त्यात ताज्या नियतकालिकांची अनुक्रमणिका जशीच्या तशी छापलेली असे आणि लेखकांचे पत्तेही असत. आपल्याकडचे संशोधक छापील कार्डावर लेखकाचे नाव घालत, ‘आपल्या निबंधाची एक सुटी प्रत कृपा करून पाठवावी’ अशी विनंती करीत आणि वाट पाहत. लेखकाला प्रकाशकाकडून काही सुट्या प्रती मिळत. तो त्यांतली एक लिफाफ्यात घालून पाठवी. या देवघेवीत पैशाचा संबंध नव्हता. मात्र ती विद्वानाची विद्वानाशी होती. कार्डावर विभागाचा आणि संस्थेचा पत्ता लागे. चाळीतल्या पत्त्यावरून गेलेल्या कार्डाला किती उत्तरे आली असती?

आता पैशाचे बोलू. निबंध लिहिणाऱ्याला नियतकालिक सहसा मोबदला देत नाही. तो तपासून देणाऱ्यालाही देत नाही. दोघांचे पगार बहुधा विद्यापीठ देते, म्हणजे बव्हंशी सरकार, म्हणजे तुम्ही-आम्ही. मग तोच निबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. या धंद्याची नाडी प्रथम ओळखली ती रॉबर्ट मॅक्सवेलने. १९५१ साली त्याने ‘पर्गमॉन प्रेस’ सुरू केले आणि विषयागणिक नवे नियतकालिक काढीत गेला. एक नियतकालिक दुसऱ्याची जागा घेत नाही हे त्याने हेरले होते. कापड महाग झाले तर माणूस दुसऱ्या गिरणीचे घेतो. निबंध दुसऱ्या गिरणीत मिळत नाही. १९९१ साली हा व्यवसाय हॉलंडच्या ‘एल्सेव्हियर’ने विकत घेतला. आम्ही आयुष्यभर भांडवलदारांशी वाटाघाटी केल्या, पण कच्चा माल फुकट, कारागिराचा पगार परभारे आणि गिऱ्हाईक बांधलेले, असा कारखाना पाहण्यात आला नव्हता.

या पार्श्वभूमीवर संगणक आला. त्याची सुरुवात जागेच्या अडचणीतून झाली, हे गमतीचे आहे. जुन्या खंडांनी कपाटे भरली, नवी इमारत बांधावी तर खर्च मोठा. अमेरिकेत मेलन प्रतिष्ठानचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांना वाटले की इमारती बांधण्याऐवजी जुने अंक पानोपान संगणकावर उतरवून सर्व ग्रंथालयांनी मिळून वापरावेत. त्यातून १९९५ साली ‘जेस्टोर’ ही संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. प्रारंभी अर्थशास्त्र आणि इतिहास यांची दहा नियतकालिके होती. प्रकाशकांची नव्या अंकांची विक्री बुडू नये म्हणून तडजोड अशी ठरली की शेवटची काही वर्षे, बहुधा तीन ते पाच, जेस्टोरवर यावयाची नाहीत. तिला ‘सरकती भिंत’ म्हणतात; दरसाल ती एक वर्षाने पुढे सरकते. अनेक विद्यार्थी या भिंतीवर डोके आपटतात आणि ग्रंथालयात ते नियतकालिक नाहीच असे समजून परत जातात. वस्तुतः जुने अंक एका दारातून मिळतात, नवे दुसऱ्या. १९४९ सालचे ‘इकॉनॉमिक वीकली’ आणि १९६६ पासूनचे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचे जुने अंक जेस्टोरवर आहेत. १९८२ च्या गिरणी संपावर लिहिणाऱ्याने तेथे गेल्यावाचून लेखणी उचलू नये.

दारे अशी अनेक झाली आणि एक नवाच पेच पडला. तोच निबंध प्रकाशकाच्या जागेवर आहे, जेस्टोरवर आहे, आणि तिसऱ्या एखाद्या विक्रेत्याच्या संग्रहातही आहे. तुमच्या ग्रंथालयाने पैसे भरले आहेत ते त्यांपैकी एकालाच. सूचीतून तुम्ही सरळ प्रकाशकाच्या दारी गेलात तर तो तीस डॉलर मागतो; शेजारच्या दाराने गेला असता तर निबंध त्याच क्षणी मिळाला असता. २००० साली प्रकाशकांनी ‘क्रॉसरेफ’ ही संस्था काढून प्रत्येक निबंधाला कायमचा क्रमांक देण्यास आरंभ केला. पत्ता बदलला तरी क्रमांकावरून निबंध सापडावा ही मोठीच सोय झाली. परंतु तो क्रमांक बहुधा प्रकाशकाच्याच दाराशी नेतो. कोणत्या दाराचे पैसे भरले आहेत हे क्रमांकाला माहीत नसते.

हे कोडे सोडवले ते बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या हर्बर्ट फान डे सोम्पेल यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्यांची युक्ती ऐकावयास साधी आहे. सूचीने वाचकाला कोठेच पाठवू नये. तिने फक्त निबंधाचा तपशील, म्हणजे नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठ, हा वाचकाच्या स्वतःच्या ग्रंथालयाकडे सोपवावा. ग्रंथालयापाशी आपण कशाचे पैसे भरले आहेत आणि कोणत्या वर्षापासून, याचे कोष्टक असते. ते पाहून ग्रंथालयाने वाचकाला योग्य दाराशी न्यावे. विद्यापीठाच्या संगणकावर निबंधाच्या नावाशेजारी ‘पूर्ण मजकूर शोधा’ अशा अर्थाचे जे लहानसे बटण दिसते, त्याच्यामागे ही सारी यंत्रणा आहे. इन्सडॉकच्या संयुक्त सूचीत जे होते तेच या कोष्टकात आहे : कोणाकडे काय, कोठपासून कोठपर्यंत. ते कोष्टक ग्रंथालयातल्या कोणा माणसाने भरावे आणि दुरुस्त करावे लागते. ते चुकले की बटणही चुकते. म्हणून बटणाने नाही म्हटले तरी नियतकालिकाच्या नावाने ग्रंथालयाच्या यादीत स्वतः पाहावे. निबंधाच्या नावाने तेथे काही मिळत नाही. अनेकांचा घोटाळा येथेच होतो.

वर्गणीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आमच्या आवडीचा विषय आहे तो. १९९६ च्या सुमारास प्रकाशकांनी ‘सारी नियतकालिके एकत्र घ्या, स्वस्तात पडेल’ असे ठोक सौदे सुरू केले. एकेकटे ग्रंथालय अशा सौद्यापुढे उभे राहू शकत नाही. तेव्हा ग्रंथालयांनीही तेच केले जे एकटा पडलेला कामगार करतो : ती संघटित झाली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘इन्फ्लिबनेट’ हा उपक्रम १९९१ साली पुण्याच्या आयुका या संस्थेच्या छत्राखाली सुरू झाला आणि १९९६ साली स्वतंत्र झाला. त्याच्या मार्फत विद्यापीठांनी मिळून वाटाघाटी करण्यास आरंभ केला. तंत्रशिक्षण संस्थांचा निराळा संघ होता, महाविद्यालयांसाठी निराळी योजना होती, आणि डिसेंबर २०१५ मध्ये या तिन्ही मिळून ‘ई-शोधसिंधू’ झाली. तीन युनियनांचे एकीकरण किती जिकिरीचे असते ते आम्ही जाणतो, म्हणून हे वाक्य आम्ही आदराने लिहितो.

संपही झाले. २०१५ साली ‘लिंग्वा’ या भाषाशास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादकमंडळाने एल्सेव्हियरशी न पटल्याने एकगठ्ठा राजीनामे दिले आणि ‘ग्लोसा’ हे सर्वांस विनामूल्य वाचता येईल असे नियतकालिक काढले. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याच कंपनीशी करार पुढे चालू ठेवण्याचे नाकारले. दोन वर्षे तेथल्या प्राध्यापकांनी नव्या निबंधांसाठी उसनवारी केली, लेखकांना पत्रे लिहिली, हाल सोसले. मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला, आणि त्यात विद्यापीठाच्या लोकांचे निबंध सर्वांना खुले राहण्याची तरतूद होती. संपकाळात उसनवारीची सोय चोख असल्यावाचून संप टिकत नाही, हा त्यातला धडा कोणाही संघटकाच्या ओळखीचा आहे.

आपल्या सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली : २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्था आणि जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातल्या मुलीला आयआयटीतल्या मुलाइतकेच वाचावयास मिळावे ही गोष्ट लहान नाही, आणि तिचे श्रेय द्यावयास आम्ही कचरत नाही. पण सहा हजार कोटी हा आकडाही आम्ही विसरत नाही. तो पैसा पुन्हा त्याच कारखान्याकडे गेला. शिवाय योजनेचा आरंभ सरकारी संस्थांपासून झाला. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याच्यासाठी त्या आरंभात दार नव्हते.

दार फोडणारेही निघाले. अमेरिकेत अ‍ॅरन श्वार्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोरवरील लाखो निबंध उतरवून घेतले. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली, खटला उभा राहिला, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने आत्महत्या केली. वय सव्वीस. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली ‘साय-हब’ काढले. त्यावर डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. संघटनेवाचून पेटलेल्या संपाकडे आम्ही जसे पाहतो तसेच याकडे पाहतो : मागणी खरी असते, परंतु त्यातून करार होत नाही आणि पोळतो तो एकटा माणूस. दिल्ली विद्यापीठातल्या छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन विलायती प्रकाशकांनी २०१२ साली लावलेल्या दाव्याचा निकाल मात्र १६ सप्टेंबर २०१६ रोजी विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. शिक्षणासाठी काढलेल्या प्रतींना कायद्यात आधार आहे असे न्यायालयाने मानले.

शांतपणे आणि कायद्याने उघडलेली दारेही आहेत, आणि आमच्या कामगाराच्या उपयोगी पडले ते असेच एक दार. पहिल्या दिवशी दारावरून परतलो होतो, त्याच ग्रंथालयात आम्ही आठवड्याने अर्ज घेऊन गेलो. तेथल्या बाईंनी आमची चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर निबंधाचे नाव आणि किंमत एवढेच होते. त्या म्हणाल्या, ‘किंमत कशाला लिहिलीत? नियतकालिक, खंड, पान लिहा. आणि याच डॉक्टरांनी आणखी कोठे लिहिलंय का ते पाहिलंत?’ आम्ही पाहिले नव्हते. त्यांनी ते पाहिले. शिलिंग आणि त्यांचे तीन सहकारी यांचा लँकेशायरच्या कापूस कामगारांच्या पाहणीवरचा निबंध १९५५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन’मध्ये आलेला होता. हे नियतकालिक १९४४ सालचे. त्याचे सारे जुने खंड ‘पबमेड सेंट्रल’ या अमेरिकन सरकारी ग्रंथालयाच्या २००० साली उघडलेल्या संग्रहात पानोपान ठेवलेले आहेत. ना वर्गणी, ना ओळखपत्र. आम्ही ज्या दाराशी आठवडाभर ताटकळलो त्याच्या शेजारचे दार सताड उघडे होते, आणि सायबर कॅफेतही ते उघडले असते.

तो निबंध आम्ही शब्दकोश घेऊन चार रात्री वाचला, मग त्याच नियतकालिकातले आणखी काही. तेव्हा उमगले. कापसाच्या धुळीपासून माणूस एक-दोन दिवस दूर राहिला आणि परत खात्यात गेला, की पहिल्या दिवशी छाती सर्वांत अधिक कोंडते. लँकेशायरच्या गिरण्या रविवारी बंद असत, म्हणून तेथे तो दिवस सोमवार. रोगाच्या व्याख्येत सोमवार शिरला, व्याख्येतून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून आमच्या तपासणीच्या कागदावर. आमच्या माणसाच्या गिरणीला औद्योगिक वसाहतीतल्या इतर कारखान्यांप्रमाणे गुरुवारची सुट्टी होती. त्याचा सोमवार शुक्रवारी येत असे. सारांश वाचून हे कळले नसते. सारांशात सोमवारच असतो. कामगाराला काय विचारले, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केलेल्याला, हे सारे आतल्या पानांत असते, आणि भांडण त्या पानांवरच लढवावे लागते.

दुसऱ्या अर्जासोबत आम्ही त्या निबंधाची प्रत आणि गिरणीच्या सुट्ट्यांचा तक्ता जोडला. नव्या डॉक्टरांनी विचारले, ‘सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी कसं वाटतं?’ तो माणूस पंधरा मिनिटे बोलत होता. अर्ज मंजूर होईपर्यंत चौदा महिने गेले.

आता युनियनच्या कचेरीतली मुले मोबाइलवर निबंधाचे नाव शोधून आणतात आणि ‘पैसे मागतात’ म्हणून फोन खाली ठेवतात. त्यांच्यासाठी आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, पृष्ठ हे आधी लिहावयाचे. मग पबमेड सेंट्रल पाहावयाचे. लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात त्याने स्वतः ठेवलेली प्रत आहे काय ते पाहावयाचे, आणि असल्यास ती छापील प्रतीच्या आधीची तर नव्हे हेही, कारण पृष्ठांक जुळत नाहीत आणि वकील नेमके तेच विचारतो. प्रबंध असल्यास इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ संग्रहात शोधावयाचा. काहीच न मिळाल्यास लेखकाला ई-मेल. जुन्या कार्डापेक्षा त्याला उत्तर लवकर येते, आणि पत्ता चाळीचा आहे की विभागाचा हे त्यात दिसत नाही. तेही न झाल्यास विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे. प्रकाशकांच्या अनेक करारांत, ग्रंथालयाच्या इमारतीत येऊन तेथल्याच संगणकावर वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला मुभा असते. दारावरच्या पहारेकऱ्याला हे बहुधा माहीत नसते. म्हणून त्याच्याशी हुज्जत न घालता आत ग्रंथपालांच्या नावे अर्ज द्यावा, सोबत ओळखपत्राची एक प्रत जोडावी, आणि निबंधाचा तपशील अर्जातच लिहावा. किंमत लिहू नये.